मढ शोधावं, तर मढी सापडते

माळशेज घाट चढून जुन्नर तालुक्यात शिरलं की पिंपळगाव जोगा धरणाच्या पाण्याजवळ मढ लागतं. दोन अक्षरांचं नाव, ना काना ना मात्रा. रस्त्याने जाणाऱ्याला ते चुकत नाही. सॉफ्टवेअरमध्ये शोधायला निघालेल्याला मात्र हमखास चुकतं.

समजा, गावांच्या नोंदी सांभाळणाऱ्या एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मढसाठीचा नियम थेट कोडमध्येच लिहून ठेवलाय. लिहिणारा केव्हाच दुसरीकडे गेला. आता तो नियम बदलायचा म्हणून नव्या मुलीने शोधाच्या चौकटीत 'मढ' टाकलं. समोर काय आलं? जुन्नरचंच पारगाव तर्फे मढ, मुंबईत मालाडजवळचं मढ, पाथर्डी तालुक्यातली कानिफनाथांची मढी आणि श्रीगोंद्याचं मढेवडगाव. म्हणून तिने 'फक्त पूर्ण शब्द' हा पर्याय निवडला. तरी मढी जागची हलली नाही. पायथन भाषेतली नेहमीची शोधयंत्रणा स्वरचिन्हांना शब्दाचा भाग मानत नाही. तिच्या लेखी 'ढ'पाशीच शब्द संपतो आणि वेलांटी बाहेर लोंबकळत राहते. अलीकडच्या रिपग्रेपसारख्या साधनात हा घोळ होत नाही.

नको ते सापडलं तर निदान डोळ्यांना दिसतं. हवं ते निसटलं तर त्याचा पत्ताच लागत नाही. गावांची यादी हिंदी वळणाच्या लिप्यंतरातून आली असेल, तर तिथे 'ढ'खाली नुक्ता असू शकतो. युनिकोडमध्ये हा नुक्तेवाला 'ढ' दोन प्रकारे साठवता येतो: 'ढ' आणि त्यापुढे वेगळा नुक्ता, किंवा दोन्ही मिळून एकच चिन्ह. पहिला प्रकार 'मढ' शोधताना सापडतो, दुसरा सापडत नाही. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. 'ॲप'चंही तसंच. त्यातला 'ॲ' एका फाइलीत एकसंध चिन्ह असतो, तर दुसरीत 'अ'वर वेगळी चंद्रकोर चढवलेली असते. युनिकोडमध्ये हा एकसंध 'ॲ' २००८ साली आला. त्याआधीच्या फाइलींत तो असणारच नाही.

म्हणून जाणती मंडळी कोडमध्ये गावाचं नाव लिहीत नाहीत, केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाच्या निर्देशिकेतला गावाचा क्रमांक लिहितात. आकड्याला नुक्ता लागत नाही. पण जुना कोड जाणत्यांनीच लिहिलेला असतो असं थोडंच आहे!

कोडमध्ये शोधण्याचं सर्वांत परिचित साधन म्हणजे ग्रेप. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन यांनी ते १९७३च्या सुमारास बांधलं. त्यांचे सहकारी ली मॅकमॅहन हे लेखकत्वाचा वाद असलेल्या अठराव्या शतकातल्या राजकीय निबंधांची भाषा तपासत होते आणि तेव्हाच्या मजकूर-संपादक प्रोग्रॅममध्ये एवढा मजकूर मावत नव्हता. ग्रेप पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं चाळतं. एका प्रकल्पापुरतं ते पुष्कळ झालं. कोट्यवधी फाइली असल्या की दर वेळी सगळं चाळणं परवडत नाही.

तिथे ग्रंथाच्या शेवटी असते तशी सूची लागते. गूगलने २००६मध्ये सर्वांसाठी कोडशोध खुला केला आणि २०१२च्या जानेवारीत बंद केला. बंद होताना त्याचे कर्ते रस कॉक्स यांनी आतली युक्ती लिहून ठेवली: मजकुराचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे पाडायचे आणि कुठला तुकडा कुठल्या फाइलीत आहे, याची नोंद करायची. 'हडसर' शोधायचं तर 'हडस' आणि 'डसर' हे दोन्ही तुकडे ज्या फाइलींत असतील तेवढ्याच उघडायच्या. आता 'मढ' घ्या. अक्षरंच दोन! तीन अक्षरांवर बांधलेली सूची इथे कामाला येत नाही. गिटहबने २०२३मध्ये आणलेला नवा शोध याच घराण्यातला, फक्त तुकड्यांची लांबी गरजेप्रमाणे कमी-जास्त करणारा. तेव्हाच त्याच्या पोटात साडेचार कोटी प्रकल्पांचा कोड होता.

एवढा खटाटोप कशासाठी, याचं उत्तर गूगलमधल्या २०१५च्या एका अभ्यासात आहे. तिथले प्रोग्रॅमर कामाच्या दिवशी सरासरी पाच वेळा शोधायला बसत आणि एकूण बारा प्रश्न टाकत. हे फंक्शन कसं वापरतात, ही चूक कुठून येते, हे बदललं तर काय मोडेल, अशा शंका त्यामागे असत.

शोधाची खरी कसोटी लागली डिसेंबर २०२१मध्ये. लॉगफोरजे या जावातल्या फुकट मिळणाऱ्या आणि जिथेतिथे वापरल्या जाणाऱ्या घटकात मोठं भगदाड सापडलं. हिंजवडीपासून कॅलिफोर्नियापर्यंत सगळ्यांपुढे एकच प्रश्न होता: आपल्याकडे हा कुठेकुठे आहे? स्वतःच्या कोडमध्ये नाव शोधून 'नाही' असं उत्तर आलं, तरी निर्धास्त होता येत नव्हतं. आपण घेतलेल्या घटकाने घेतलेल्या तिसऱ्याच घटकात तो दडलेला असे. तिथे मजकुराचा शोध थिटा पडतो. कोण कोणावर अवलंबून आहे, ती वंशावळ तपासावी लागते.

जुना कोड वाचण्याची गरज फक्त कंपन्यांना असते, असंही नाही. याच जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडदला, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिथल्या निरीक्षणांतून प्रतिमा काढायला शास्त्रज्ञ एप्स नावाची जी प्रणाली वापरत आले, तिचं काम अमेरिकेत १९७८ साली सुरू झालं आणि ती मुख्यतः फोर्ट्रानमध्ये आहे. ती वापरणारे कितीतरी विद्यार्थी तेव्हा जन्मलेलेही नव्हते. जून २०२३मध्ये गुरुत्वीय लहरींच्या मंद पार्श्वभूमीचे पुरावे जाहीर झाले, त्यात याच दुर्बिणीची निरीक्षणं होती. त्या कामातल्या भारतीय गटाने पल्सार या ताऱ्यांच्या नोंदी हाताळायला 'पिंटा' ही साखळी रचली. ती आपल्या पोटात इतरांनी लिहिलेले प्रोग्रॅम एकामागून एक चालवते. अशा साखळीत नवा विद्यार्थी पहिल्या दिवशी नवं काही लिहीत नाही. निरीक्षणाची वेळ कुठे वाचली जाते आणि पुढे तिला कोण हात लावतं, हे तो आधी शोधतो.

आणि आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत काय चालतं? कोरी फाइल उघडायची, शंभरेक ओळींचा प्रोग्रॅम लिहायचा, त्याची छापील प्रत जर्नलमध्ये डकवायची. जुन्नर तालुक्यातच कुरणला आणि बेल्ह्याला अशी महाविद्यालयं आहेत. त्यांतून पुण्याला नोकरीला जाणाऱ्या मुलांच्या हाती पहिल्या दिवशी पडतो तो दुसऱ्यांनी लिहिलेला लाखो ओळींचा कोड. त्यात वाट काढायची कशी, हे त्यांना आधी कोणी शिकवलेलं नसतं.

एआय आल्यावर ही गरज सरेल, असं काही जण म्हणतात. घडतंय नेमकं उलट. कोड लिहून देणारे सहायकही आधी प्रकल्पात शोध घेतात. त्यांतले काही तर चक्क ग्रेप चालवतात. शोध हुकला की आधीपासून असलेलं फंक्शन ते पुन्हा नव्याने लिहून देतात. एकच नियम दोन जागी राहू लागतो, पुढे एक बदलतो आणि दुसरा तसाच राहतो. हा घोळ पकडायचं काम अखेर माणसाच्याच गळ्यात पडतं.

अभ्यासक्रमात नवा विषय घालण्याची वाट पाहायची गरज नाही. प्रात्यक्षिक परीक्षेत एक प्रश्न बदलला तरी पुरे. मुलांना एप्स किंवा पिंटासारखा खुला प्रकल्प आणि दोन तास द्यावेत. अमुक आकडा कुठे ठरतो, तो कोणकोण वापरतं आणि तो बदलला तर काय बिघडेल, एवढंच विचारावं. कोणते शब्द टाकून पाहिले, त्यांतले कोणते वाया गेले आणि का, हे जर्नलमध्ये लिहून घ्यावं. निम्मे गुण त्यालाच ठेवावेत.