खुजे आणि कृश

1992 साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. तेव्हापासून जव्हार-मोखाड्याविषयी लिहिताना आम्ही लेखक मंडळी एकच शब्द वापरत आलो: 'कुपोषण'. अहवालांतले 'वेस्टिंग', 'स्टंटिंग' आणि 'अंडरवेट' हे तिन्ही इंग्रजी शब्द आम्ही त्यातच कोंबले.

उंचीच्या मानाने वजन कमी, ते 'वेस्टिंग'. मूल कृश असते. वयाच्या मानाने उंची कमी, ते 'स्टंटिंग'. मूल खुजे असते. वयाच्या मानाने वजन कमी, ते 'अंडरवेट'. मूल कृश आहे की खुजे, हे त्यावरून कळत नाही.

हा निव्वळ शब्दच्छल नव्हे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरहून कमी भरला, की ते अतितीव्र कुपोषित ठरते. वेळेवर उपचार मिळाल्यास ते काही आठवड्यांत सावरू शकते. खुजेपणाची मुळे मात्र आईच्या अर्धपोटी गरोदरपणात, मुलाच्या वारंवारच्या आजारांत आणि दिवाळीनंतर वीटभट्टीकडे निघणाऱ्या बिऱ्हाडात असतात. त्यावर आठवड्यांचा उतारा नाही.

म्हणूनच 'कुपोषण घटले' असे कोणी सांगितले, तर 'कोणते?' असे विचारायला हवे. वजन भरले की मूल यादीतून सुटते. खुंटलेली उंची तशीच राहते. हा गोंधळ सत्तेला सोयीचा असेल. आम्हांला तो का चालावा? कवितेतल्या एका शब्दासाठी पाने खर्चणाऱ्या आम्हांला पाड्यावरच्या मुलांसाठी दोन शब्द वेगळे ठेवता येऊ नयेत?