शिरोडकरला काय वाटलं असेल?

आधीच सांगते, मी समीक्षक-बिमीक्षक नाही. 'आशयघनता' वगैरे शब्द दिसले की मला जांभई येते. माझं वाचन म्हणजे लोकलमध्ये चौथी सीट मिळाली तर वीस पानं, नाही मिळाली तर उभ्याने दहा, आणि रविवारी जेवण झाल्यावर डोळा लागेपर्यंत जेवढं होईल तेवढं. आवडलं तर ऑफिसात चार जणांच्या गळ्यात मारते. नाही आवडलं तर तेही चारचौघांत सांगते.

गेल्या तीन महिन्यांत तीन कादंबऱ्या आणि तीन आत्मचरित्रं झाली. काही पहिल्यांदा, काही कॉलेजनंतर पुन्हा. त्यातून एक सवय लागली. पुस्तक मिटलं की स्वतःला विचारायचं, यात कोण बोललंच नाही? साधा प्रश्न आहे, पण करून बघा. आवडती पुस्तकंसुद्धा वेगळी दिसायला लागतात.

'शाळा'

मिलिंद बोकीलांची ही कादंबरी २००४ साली आली. त्यावरचा सिनेमा अनेकांनी पाहिलाय आणि तेवढ्यावरच भागवलंय. तसं करू नका. आणीबाणीचा काळ, नववीतला मुकुंद जोशी, त्याची चौकडी, आणि शिरोडकर. नववीतला मुलगा नववीतल्यासारखाच बोलतो, लेखक मधेच डोकावून शहाणपणा शिकवत नाही. सॉलिड पुस्तक आहे. लोकलमध्ये वाचलं तर स्टेशन चुकण्याची शक्यता धरून चाला.

पण आता माझा प्रश्न. जोशीला शिरोडकर आवडते. ती कुठून येते, कुठे जाते, कधी हसली, का हसली नाही, याचा त्याच्याकडे पक्का हिशेब. आणि तिचा हिशेब? तिला यातलं काय कळत होतं, काय आवडत होतं, कशाची भीती वाटत होती? आपल्याला मिळतं ते जोशीला दिसलं तेवढंच. हा बोकीलांचा दोष नाही. उलट खरेपणाच आहे, नववीतल्या मुलाला समोरच्या मुलीच्या डोक्यातलं कळत नसतंच. मुद्दा इतकाच की वाचणारे आपण नववीत नाही. तिशीला टेकलेली कितीतरी मंडळी अजून 'ती हसली म्हणजे हो' याच लेव्हलला आहेत!

'कोसला'

कॉलेजात हे पुस्तक मला तीन वेगवेगळ्या मुलांनी दिलं. तिघांचाही चेहरा 'हे वाच, म्हणजे मी तुला कळेन' असा. भालचंद्र नेमाडेंनी ते पंचविशीत लिहिलं आणि १९६३ साली ते छापून आलं. पुढे २०१४ चं ज्ञानपीठही नेमाडेंना मिळालं. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग सांगवीकर पुण्यात शिकायला येतो. होस्टेल, मेस, उधाऱ्या, मंडळं, भाषणं, पैशांचा चुराडा. अर्धं पुस्तक मी खिदळत वाचलं. शेजारच्या काकूंनी दोनदा वळून पाहिलं.

मग त्याची धाकटी बहीण मनी जाते. ती पानं वाचून मी पुस्तक दोन दिवस उघडलंच नाही. मराठीत मरणावर याहून खरं काही मी वाचलेलं नाही. आणि लगेच माझं दुसरं मतही सांगते, चाहत्यांनी दगड मारू नयेत. त्यानंतरचा भाग मला लांबला. पांडुरंगाचा कंटाळा आपल्यालाही चढतो. तोच तर फंडा आहे, असं तिघांपैकी एकाने मला समजावलं होतं. असेल. कंटाळा मात्र खराच येतो.

सोमवारी सकाळी आपल्या सगळ्यांनाच पांडुरंग व्हायचं असतं. सगळं फालतू आहे, चला गावी. पण त्याला परत जायला घर होतं, शेती होती, शिव्या घालत का होईना पैसे पुरवणारे वडील होते. ईएमआय चालू असलेल्यांनी पांडुरंग कसं व्हायचं? आणि त्याच घरातली आई? एक मुलगी गेलेली, मुलगा पदवी न घेता परत आलेला. या वेळी मी वाचताना सारखी तिच्याकडे बघत होते. ती 'सगळं फालतू आहे' म्हणून कुठे जाणार होती?

'कोबाल्ट ब्लू'

सचिन कुंडलकरांची २००६ ची छोटीशी कादंबरी, दोन रात्रींत संपते. पुण्यातलं मध्यमवर्गीय घर, त्यात पेइंग गेस्ट म्हणून आलेला एक तरुण, आणि घरातला भाऊ तनय व बहीण अनुजा, दोघंही त्याच्याच प्रेमात. २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर सिनेमा आला, त्यात गोष्ट केरळात नेलीय. आधी पुस्तक वाचा. आपल्याच जिन्यातला, आपल्याच स्वयंपाकघरातला गुदमरलेपणा पुस्तकात आहे.

इथे दोघांनाही अर्धं-अर्धं पुस्तक मिळतं. आधी तनय बोलतो, मग अनुजा. तेच घर, तेच दिवस. पण एकाने जे पाहिलं ते दुसऱ्याच्या गावीही नाही. भिंतीपलीकडे झोपणाऱ्या सख्ख्या भावाचं काय चाललंय हे बहिणीला माहीत नसावं, हे वाचून पोटात कसंतरी होतं. भाषा तनयच्या भागातली सुंदर आहे, पण माणूस म्हणून मला अनुजा जवळची वाटली. ती कोसळते, पण पुन्हा उठून कामाला लागते. आणि तो पाहुणा? त्याला नावसुद्धा नाही. ज्याच्यामुळे एवढं सगळं घडलं, तोच गप्प!

कादंबऱ्या झाल्या. आता ज्यांनी स्वतःच तोंड उघडलं त्यांच्याकडे येऊ.

'आहे मनोहर तरी'

पु.ल. आपल्याकडे घरातलेच आहेत. त्यामुळे सुनीता देशपांडेंच्या १९९० सालच्या या पुस्तकाबद्दल मी लहानपणापासून एकच ऐकत आले, 'असं लिहायला नको होतं.' म्हणजे काय लिहिलं होतं, ते मात्र कुणी सांगेना. वाचल्यावर कळलं की 'नवऱ्याच्या तक्रारी' हा या पुस्तकाचा फारच स्वस्त सारांश आहे. ते तारीखवार चालत नाही, आठवण येईल तसं वळतं. सवय व्हायला पन्नास पानं लागतात. पण पुलंना ज्या मापाने मोजलंय, त्याच मापाने सुनीताबाई स्वतःलाही मोजतात. त्यांची शिस्त वाचून मला घाम फुटला. माझ्या टीम लीड असत्या तर मी महिन्याभरात पेपर टाकले असते.

तरी विचार करा. आपण चाळ ऐकून हसत होतो, तेव्हा प्रयोगांची व्यवस्था, पैशांचे व्यवहार, लेखनाचे हक्क, घर हे सगळं कुणीतरी बघत होतं. माझा प्रश्न इथेही लागू आहे, हे मान्य. या पुस्तकात पुलं उत्तर देत नाहीत. एका संसाराच्या दोन बाजूंपैकी ही एक. पण दुसरी बाजू आपण कॅसेटभर ऐकलेली आहे, नाही का?

'स्मृतिचित्रे'

शाळेत धडा होता म्हणून जे लोक हे पुस्तक टाळतात, त्यांच्यात मीही होते. लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र १९३४ पासून चार भागांत आलं. म्हटलं, जुनी मराठी, उपदेश, पदराने डोळे पुसणं असणार. कसलं काय! बाई भन्नाट विनोदी आहेत. सोवळ्यापायी घर वेठीला धरणारे वडील, न सांगता कधीही कुठेही निघून जाणारा कवी नवरा. १८९५ मध्ये नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा त्या काळच्या ब्राह्मण बायकोवर आभाळच कोसळलं. काही वर्षं दोघं वेगळे राहिले. मग १९०० मध्ये त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या, पण आपल्या विचाराने, आपल्या वेळेला.

कडवट व्हायचा पूर्ण हक्क होता, आणि त्या हसतात. नवऱ्यावर, नातेवाइकांवर, सगळ्यात जास्त स्वतःवर. सुरुवातीची नाती डोक्यावरून गेली तर जाऊ देत, पुढे चला. तिकिटाची रांग, डॉक्टरकडची रांग, कुठेही चार पानं वाचता येतात.

'आयदान'

ऊर्मिला पवारांचं हे आत्मकथन २००३ चं. आयदान म्हणजे बांबूच्या सुपं-टोपल्यांसारख्या वस्तू. वडील लवकर गेल्यावर ऊर्मिलाबाईंच्या आईने आयदानं विणून मुलांना वाढवलं. कोकणातल्या दलित वस्तीतलं लहानपण, डोक्यावर ओझं घेऊन डोंगर तुडवत रत्नागिरीच्या बाजाराला जाणाऱ्या बायका. जिथे आपण वीकएंडला मासे खायला जातो, तो हाच भाग. नंतर मुंबई, सरकारी नोकरी, लग्न, मुलं, आणि हे सगळं सांभाळत केलेलं बी.ए., एम.ए. आणि त्या शिकण्या-लिहिण्याला घरातूनच झालेला विरोध. त्याच बाईने मीनाक्षी मून यांच्यासोबत गावोगावच्या बायकांना बोलतं करून 'आम्हीही इतिहास घडवला' लिहिलं, आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा इतिहास. माझ्या डोक्यात आत्ता आलेला प्रश्न त्यांनी १९८९ साली पुस्तक करून सोडवला होता.

हे मी ज्या मैत्रिणीच्या गळ्यात मारलं, ती आमच्याच फ्लोअरवर बसते. लग्नाला दोन वर्षं झाली. तिला वीकएंडचं एमबीए करायचंय, फीचे पैसे तिचे स्वतःचे. नवरा चांगला आहे, खरंच. तो फक्त एवढंच म्हणाला, 'कर ना, घर सांभाळून कर.' सासूबाईंनीही हेच ऐकवलं. तिला राग येत होता आणि रागावण्यासारखं कुणी काही बोललेलंही नव्हतं. 'आयदान'मधली एम.ए.च्या वेळची पानं वाचून ती मला कॅन्टीनमध्ये म्हणाली, 'अगं, त्यांच्या घरात विरोध होता. माझ्या घरात परवानगी आहे. पण वाक्य तेच आहे.'

यावर माझ्याकडे काही शहाणं बोलणं नव्हतं. तिने फॉर्म भरलाय. 'आयदान' नवऱ्याच्या उशाशी ठेवलंय. त्याने चाळीस पानं वाचलीत, अजून काही बोललेला नाही. ती वाट बघतेय.

तुमच्या आवडत्या 'कोसला'वाल्या मित्राचा वाढदिवस जवळ आला असेल, तर काय द्यायचं ते कळलंच असेल. नवीन घेऊन द्या. माझी प्रत सध्या बाहेर आहे.