ढोरे ओढणे सोडले, आता धंद्याची मालकी घ्या!

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील हसनाबादसारख्या बाजारपेठेच्या गावात बारावी शिकलेला एखादा तरुण घरी येऊन म्हणाला, "मी कुत्र्या-मांजरांची निगा राखण्याचा धंदा टाकतो", तर काय होईल? मित्र हसतील. आई गप्प बसेल. ओट्यावर बसलेला आजा मात्र कडाडेल, "आम्ही मेलेली ढोरं ओढली म्हणून तुला शिकवलं, आन् तू आता लोकांची कुत्री धुणार?"

आजच्या लेखाचा विषय काही वाचकांना हलका वाटेल. मोर्चे आहेत, अत्याचार आहेत, शिष्यवृत्त्या रखडल्या आहेत, आणि आम्ही कुत्र्यांच्या आंघोळीवर लिहितो आहोत! पण त्या आज्याच्या एका वाक्यात आपल्या समाजाच्या पोटापाण्याचा आणि मानाचा, असे दोन्ही प्रश्न गुंतले आहेत. त्याचे उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

आजा चुकीचे बोलत नाही. गावात कोणाच्याही दावणीला जनावर मेले की ते ओढून नेण्याचे काम जन्मानेच ठरलेले होते. नाही म्हणण्याची सोय नव्हती. दर ठरवण्याचा अधिकार नव्हता. मिळायचे ते सुपातले शिळेपाके. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडण्याचा आदेश दिला आणि लोकांनी तो उपासमार सोसून पाळला. कातडे, शिंगे, हाडे यांचे उत्पन्न अस्पृश्यांनी का सोडावे, असा शहाजोग सवाल त्या वेळी विचारला गेला. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी हा जुना वाद पुन्हा सांगितला. एवढा फायदा दिसत असेल तर ते काम तुम्हीच करा, असे त्यांचे रोखठोक उत्तर होते. इज्जत विकून मिळणारा नफा त्यांना नको होता.

पण बाबासाहेबांचा विरोध जनावराला नव्हता आणि कष्टालाही नव्हता. चवदार तळ्यावर गुराढोरांना, कुत्र्यांना मज्जाव नव्हता, माणसांना होता. आम्हाला कुत्र्या-मांजरांहून हीन वागवणारा देश आम्ही आमचा कसा म्हणावा, हे १९३१ मध्ये त्यांनी गांधीजींच्या तोंडावर विचारले. यातला दोष कुत्र्याचा नव्हता, माणसाला कुत्र्याखाली बसवणाऱ्या व्यवस्थेचा होता. म्हणून तर फेब्रुवारी १९३४ मधल्या राजगृहातील त्या प्रसिद्ध छायाचित्रात यशवंतराव, माता रमाई, लक्ष्मीबाई, मुकुंदराव यांच्याबरोबर बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबीही आहे. ज्यांच्या घरात हे छायाचित्र टांगले आहे, त्यांनी एकदा नीट निरखून पाहावे.

तेव्हा काम हलके की भारी, हे कामाच्या नावावरून ठरवू नका. तीन प्रश्न विचारा. हे काम मी नाकारू शकतो काय? याचा दर मी ठरवतो काय? याचा हिशेब माझ्या वहीत आहे काय? तिन्हींचे उत्तर 'होय' असेल तर तो धंदा आहे. 'नाही' असेल तर काचेच्या चकचकीत दुकानात टाय बांधून केले तरी ते येसकरकीचेच काम आहे.

हा धंदा आज बोलण्यासारखा का झाला, तेही पाहू. मराठवाड्यात १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्या वेळच्या औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले आणि नागसेनवनातून शिकलेल्या पिढ्या सरकारी नोकरीच्या बळावर उभ्या राहिल्या. आज त्याच नोकऱ्या कंत्राटात गेल्या आहेत. कंत्राटात आरक्षण शोधायचे कुठे? दुसरीकडे शहरांतच नव्हे, तर तालुक्याच्या गावांतही पाळीव प्राण्यांवर पैसा खर्च होऊ लागला आहे. नोकरदार, दुकानदार, बागायतदार यांच्या दारात आता लॅब्राडोर दिसतो. हे पैसेवाल्यांनी केव्हाच ओळखले. पेडिग्री विकणारी मार्स ही परदेशी कंपनी भारतात कित्येक वर्षे पाय रोवून आहे. 'हेड्स अप फॉर टेल्स' हे दुकान २००८ मध्ये दिल्लीत निघाले आणि त्याच्या शाखा देशभर पसरल्या. गोदरेजसारख्या घराण्याने २०२४ मध्ये प्राण्यांच्या खाद्याच्या धंद्यात उतरण्याची घोषणा करून पाच वर्षांत ५०० कोटी रुपये घालण्याचे ठरवले. एवढी मोठी माणसे ज्या धंद्यात उतरतात, तो धंदा आमच्या पोराने केला की मात्र हलका कसा होतो?

या कंपन्या पिशवीतले खाद्य विकतील. पण हसनाबादेतल्या कुत्र्याच्या कानातली गोचीड काढायला त्या येणार नाहीत. आमच्या तरुणाची जागा तिथे आहे.

सुरुवात दुकानापासून करू नका. भाडे आधी सुरू होते, गिऱ्हाईक नंतर येते. शिवाय अनेक गावांत मोक्याचा गाळा मागायला गेले की आधी आडनाव विचारले जाते, हे आम्हाला ठाऊक आहे. तेव्हा मोटारसायकल आणि एक पेटी घेऊन घरोघरी जा. ट्रिमर, नखे कापण्याची कात्री, दाट दातांची फणी, टॉवेल, शाम्पू, मुसके आणि मजबूत पट्टा एवढे सामान पुरे. आंघोळ, केस, नखे, कान, गोचीड या पाच कामांवर हात बसू द्या. त्याआधी एखाद्या शहरातील चांगल्या केंद्रात काही महिने हाताखाली काम करा. भेदरलेल्या कुत्र्याला धरायचे कसे, हे पुस्तकात कळत नाही.

आता हिशेब. समजा, पाचही कामांच्या एका फेरीचे ३०० रुपये घेतले आणि शाम्पू, पेट्रोल, वीज यांत ९० रुपये गेले. उरले २१०. हसनाबाद आणि भोवतालच्या खेड्यांत मिळून महिन्याला एकदा बोलावणारी ४० घरे जोडली, तर ८४०० रुपये होतात. एवढ्यावर संसार चालत नाही, हे आम्ही लपवणार नाही. म्हणून पहिल्या वर्षी हातातले दुसरे काम सोडू नका. पुढे याच घरांना खाद्य पुरवा. लग्नकार्याला किंवा गावाला जाणाऱ्यांची कुत्री दिवसाच्या दराने सांभाळा. त्यासाठी स्वच्छ, सावलीची, कुंपण घातलेली जागा हवी. एकदा येऊन गेलेल्या १०० गिऱ्हाइकांपेक्षा दर महिन्याला बोलावणारी ४० घरे मोलाची असतात. प्रत्येक घराचे एक पान वहीत ठेवा. प्राण्याचे वय, लस कधी टोचली, पुढची कधी, त्याला काय सोसत नाही, हे सारे लिहा. लसीची तारीख जवळ आली की आठवण करून द्या. ही वही हेच तुमचे खरे भांडवल.

गरिबाच्या प्राण्यालाही विसरू नका. शेतावर राखण करणाऱ्या गावठी कुत्र्यासाठी कोणी ३०० रुपये देणार नाही. पण नुसती गोचीड काढून देण्याचे ५०-६० रुपये शेतकरी देईल. इथे एक गंमत सांगितली पाहिजे. या धंद्यात 'जातिवंत' हा शब्द फार चालतो. जातिवंत कुत्रा, शुद्ध रक्त, कागदपत्रे! गावठी तो मात्र लाथेचा धनी. माणसांमधली जात कमी पडली म्हणून ती कुत्र्यांतही नेली. आमच्या तरुणाने हा बाजार वाढवू नये. पिल्लांच्या विक्रीत झटपट पैसा दिसतो, पण २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनुसार आणि २०१८ च्या पाळीव प्राणी दुकान नियमांनुसार प्रजनन व विक्रीसाठी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. पिंजऱ्यातला हिरवा पोपट विकणे तर वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे. छापा पडला की मोठे विक्रेते निसटतात आणि तुरुंगात कोण जाते, हे वेगळे सांगायला नको.

मराठवाड्यात आणखी एक अडचण आहे, पाण्याची. एप्रिल-मे महिन्यांत वस्तीत टँकरची वाट पाहायची आणि त्याच पाण्याने शेठजीचा कुत्रा न्हाऊ घालायचा, हे कोणालाही रुचणार नाही आणि रुचूही नये. त्या महिन्यांत ओल्या फडक्याने पुसणे, फणीने विंचरणे, केस कापणे आणि गोचीड काढणे एवढेच काम घ्या. कुत्र्याला रोज आंघोळीची गरज नसते आणि फार धुतल्याने कातडी कोरडी पडते, हे गिऱ्हाइकाला समजावून सांगा.

आणि सर्वात गंभीर गोष्ट रेबीजची. लक्षणे दिसल्यावर या रोगातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात आणि त्यात लहान मुले फार असतात. ती मुले बंगल्यातली नसतात, उघड्या वस्तीतली, पालातली, वीटभट्टीवरची असतात. म्हणून या धंद्यातल्या माणसाने आधी स्वतः डॉक्टरांकडून प्रतिबंधक लस घ्यावी. लस न टोचलेल्या कुत्र्याला हात लावण्यापूर्वी मालकाला लसीची अट घालावी. चावा बसलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि तडक दवाखाना गाठावा. चुना, हळद, मिरची लावणे आणि मांत्रिकाकडे जाणे म्हणजे जीव गमावणे होय. गावातील प्रत्येक पाळीव कुत्र्याला वेळेवर लस मिळाली, तर या छोट्या धंद्याने वस्तीतल्या पोरांचे जीव वाचवले असे होईल.

पण सुई तुम्ही मारू नका! १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार उपचार करणे हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचे काम आहे. त्याच्याशी नाते जोडा. तुम्ही गिऱ्हाईक घेऊन जा, तो लस टोचेल. आणि आमच्या मुलांनी त्या खुर्चीपर्यंतही पोहोचले पाहिजे. परभणी आणि उदगीर ही पशुवैद्यक महाविद्यालये आपल्या मराठवाड्यातच आहेत. धाकटा भाऊ किंवा बहीण तिथे शिकली, तर दहा वर्षांनी त्याच पेटीचा दवाखाना होईल.

पैशाचे काय? उद्यम नोंदणी फुकट होते, त्यासाठी दलालाला एक रुपयाही देऊ नका. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजार रुपयांपर्यंत तारण न ठेवता कर्जाची तरतूद आहे. पेटीच्या धंद्याला तेवढे पुष्कळ झाले. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयातही चौकशी करा. बँकेचा साहेब 'हा कसला धंदा' म्हणून हसला तर वहीतली ४० घरे त्याच्यापुढे ठेवा, आणि नकार दिला तर तो लेखी मागा. कर्ज मात्र जयंतीच्या वर्गणीत आणि हळदीच्या मंडपात जाऊ देऊ नका. हे कडू आहे, पण आपल्याच माणसांना सांगायचे नाही तर कोणाला?

धंदा वाढवायचा तोही आपल्या माणसांसह. ४० घरांची ८० झाली की वस्तीतल्या दुसऱ्या मुलाला किंवा मुलीला शिकवा, पगार ठरवून द्या आणि वेळेवर द्या. घरातली मांजरे, लहान कुत्री यांच्यासाठी घरच्या बाया बाईमाणसाला अधिक विश्वासाने आत घेतात. आपल्या भगिनींना इथे चांगली संधी आहे. मात्र मालक झालात म्हणून मजुराला 'अरे-तुरे' करू लागलात, तर वतनदारी नुसती खांदा बदलेल.

शेवटी त्या आज्याकडे परत येऊ. मोठ्या शहरांतील चकचकीत केंद्रांत मागच्या मोरीवर कुत्री धुणारी पोरे कोणत्या वस्त्यांतून येतात आणि पुढे गल्ल्यावर कोण बसते, हे ज्याने त्याने जाऊन पाहावे. आज्याची भीती तिथे खरी ठरते. नव्या युगाचे नवे वतन असेच तयार होते. ते मोडायचा मार्ग काम सोडून पळण्याचा नाही. कामाचे शास्त्र शिकून, दर आपण ठरवून, गल्ल्यावर आपण बसण्याचा आहे.

हसनाबादच्या त्या तरुणाने आज्याला एवढेच सांगावे, "आज्या, तुम्हाला नाही म्हणता येत नव्हतं. मला येतं. माझा दर मी ठरवतो. आन् ही बघा माझी वही." आमची खात्री आहे, आजा ती वही हातात घेईल. वाचता आली नाही तरी पाने उलटून बघेल.