लिलावात कोंबडी देण्याआधी तिची शीट पाहा



हंगामाचा सण तोंडावर आला आहे. आमच्या खानापूर भागात उपासना संपली की देवळाच्या अंगणात लिलाव होतो. भाताच्या लोंब्या, भोपळे, केळीचे घड, अंडी आणि पाय बांधलेल्या गावठी कोंबड्या. एखाद्या कोंबडीवर दोन घरांची चढाओढ लागते, बोली बाजारभावाच्या तिप्पट जाते, सगळे हसतात आणि पैसा मंडळीच्या कामाला लागतो. लिलावाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती कोणती कोंबडी आणली जाते याबद्दल.

पंख टाकून, डोळे मिटून कोपऱ्यात बसलेली कोंबडी ‘मरायच्या आत देऊन टाकू, तेवढंच अर्पण’ म्हणून आणणारी घरं आपल्यात आहेत. मलाखी संदेष्ट्याने आजारी आणि लंगडी जनावरं वेदीवर आणणाऱ्यांना काय सुनावलं ते पाळकसाहेबांनी एकदा व्यासपीठावरून वाचावं, म्हणजे मला वेगळं बोलायला नको. पण हा नुसता अर्पणाचा प्रश्न असता तर मी पत्र लिहिलं नसतं. लिलावातली कोंबडी दुसऱ्याच्या खुराड्यात जाते. गेल्या वर्षी सणानंतरच्या पंधरवड्यात आमच्या आळीतली चार खुराडी रिकामी झाली. पहिली कोंबडी कोणाच्या घरून आली होती हे मला ठाऊक आहे, इथे लिहिणार नाही. शेजारच्या वहिनी आपल्या मंडळीतल्या नाहीत, लिलावाशी त्यांचा संबंध नाही, तरी यात्रेसाठी राखलेला त्यांचा कोंबडा त्यात गेला. आपल्या आणि त्यांच्या कोंबड्या एकाच उकिरड्यावर उकरतात, दुसरं काय होणार? त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ती मानमोडी होती. सरकारी दवाखान्यात तिला राणीखेत म्हणतात, कुमाऊँतल्या राणीखेत गावावरून. कोंबडी खात नाही, तोंड उघडून श्वास घेते, हिरवट पाण्यासारखं हगते आणि जगलीच तर मान पिळवटते, पाय लुळे पडतात. लक्षण दिसायला दोन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत लागू शकतात. म्हणून लिलावात टवटवीत दिसणारी कोंबडीही घरच्या कोंबड्यांत लगेच सोडू नये. पंधरा दिवस वेगळ्या डालग्याखाली ठेवा, तिचं पाणी वेगळं, तिला दाणा सर्वांत शेवटी. नाहीतर सरळ त्याच दिवशी रस्सा करा.

देणाऱ्याने मात्र आठवडाभर आधीपासून रोज सकाळी शीट पाहावी. खुराड्यात रात्री जुनं वर्तमानपत्र अंथरलं की काम सोपं (हे पान वाचून झाल्यावर चालेल). चांगली शीट तपकिरी किंवा हिरवट करडी, आकार धरणारी आणि वर पांढरी टोपी असलेली. ती पांढरी टोपी म्हणजे कोंबडीची लघवी, तिला वेगळी लघवी नसते. पुष्कळ जण त्या पांढऱ्यालाच भितात. दिवसातून दोन-तीनदा चिकट, चॉकलेटी, घाणेरड्या वासाची शीटही पडते. तीही नेहमीचीच. खुडूक कोंबडी दिवसभर अंड्यांवर बसून एकदम मोठा, उग्र वासाचा गोळा टाकते, त्याने घाबरू नये. उन्हाच्या दिवसांत भरपूर पाणी प्यायल्यावर किंवा कलिंगडाच्या साली खाल्ल्यावर शीट पातळ होते, आणि बीट खाल्लं तर लाल.

काळजीची शीट वेगळी. नुसती हिरवी, पातळ आणि कोंबडी दाण्याकडे पाहत नाही, म्हणजे पोट रिकामं आहे आणि पित्त तेवढं बाहेर पडतंय. हे मानमोडीतही होतं आणि इतर आजारांतही, त्यामुळे केवळ रंगावरून नाव ठेवू नका, कोंबडीकडे बघा. लहान पिल्लांच्या मागे चुन्यासारखं पांढरं चिकटून बसलं आणि पिल्लं पटापट मरू लागली तर तो जिवाणूंचा आजार असू शकतो. शेवयांसारखे जंत दिसले तर जंताचं औषध, आणि ते एकीला नाही, सगळ्यांना.

रक्ताची हगवण यांत सर्वांत वाईट दिसते, पण तिला उपाय आहे. साधारण तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांना ती धरते, पावसाळ्यात जास्त. तिचे जंतू शीटेतून पडतात तेव्हा लगेच बाधत नाहीत, ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत तयार होतात. म्हणजे रोजच्या रोज खुराडं झाडलं, ओला भुसा काढून कोरडी राख-माती टाकली, तर अर्धी लढाई झाडूनेच जिंकता येते. औषध अ‍ॅम्प्रोलियम, पिण्याच्या पाण्यातून, मात्रा जनावरांच्या डॉक्टरांना विचारून. ज्या पिल्लांना अजून काही झालेलं नाही त्यांनाही तेच पाणी.

आता औषधांचं. आपल्याकडे कोंबडी शिंकली की मेडिकलमधून माणसांची कॅप्सूल आणायची, फोडायची आणि पाण्यात कालवायची, ही रीत झाली आहे. मला ती साफ नापसंत आहे. मानमोडी विषाणूची आहे, तिच्यावर कुठलीही अँटिबायोटिक चालत नाही. कोंबडी मरते आणि मरेपर्यंत तिची अंडी आपण मुलांना देतो, त्यात तेच औषध उतरलेलं असतं. अशा वापराने माणसांवरची औषधं निकामी होतात. म्हणूनच 2019 साली केंद्र सरकारने कोलिस्टिन हे औषध कोंबड्यांना आणि इतर खाण्याच्या जनावरांना देण्यावर बंदी घातली. हळद-लसूण द्यायला माझी हरकत नाही, आमची आजीही द्यायची. पण त्याने मानमोडी थांबल्याचं मी पाहिलेलं नाही. आजारी कोंबडीला सावली, ऊब आणि स्वच्छ पाणी द्या, इतरांपासून तिला दूर ठेवा आणि हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नका, मानमोडीने माणसाचेही डोळे येतात.

मेलेली कोंबडी ओढ्यात टाकणं हे तर सरळ पाप आहे, मग टाकणारा रविवारी पहिल्या बाकावर का बसेना. खोल खड्डा, वर चुना, वर दगड, म्हणजे कुत्री उकरत नाहीत. एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर पुरूसुद्धा नका, उघड्या हाताने शिवू नका, आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या.

काही जण म्हणतात, कोंबडीची किंमत ती काय, एवढा व्याप कोण करणार? आपल्या मंडळीतल्या विधवा बहिणींना विचारा. दहा कोंबड्यांच्या अंड्यांवर वह्या-पुस्तकं येतात, औषधपाणी होतं. त्यांच्या खुराड्याची किंमत लिलावातल्या बोलीने मोजू नये.

मानमोडीवर लस आहे आणि ती स्वस्त आहे. पिल्लं आठवड्याची झाली की नाकात किंवा डोळ्यात थेंब, महिन्याने पुन्हा, आणि आठ आठवड्यांनंतर कातडीखाली टोचायची. अडचण एवढीच की कुपी बहुधा शंभर कोंबड्यांची येते, बर्फात ठेवावी लागते आणि एकदा कालवली की दोन-एक तासांत संपवावी लागते. सहा कोंबड्यांच्या घराने ती आणून काय करायची? म्हणून लोक आणतच नाहीत. आळीतल्या पंधरा-वीस घरांनी मिळून आणली तर घराला काही रुपये पडतात. महिला मंडळाने घरोघरी कोंबड्या मोजाव्यात, फक्त आपल्या घरांच्या नव्हे, वहिनींच्याही. बाधा झालेल्या खुराड्यात लस टोचून उपयोग नाही, आणि लस अंगी लागायलाही दोन-तीन आठवडे लागतात. म्हणजे सणाच्या आधी महिनाभर हे झालेलं बरं.

आमच्या आळीत गेल्या रविवारपर्यंत एकशे चाळीस कोंबड्या मोजून झाल्या आहेत. दोन कुप्या लागतील. डॉक्टरांनी गुरुवारी संध्याकाळी, उन्हं उतरल्यावर, येण्याचं कबूल केलं आहे आणि बर्फाचा डबा वहिनींच्या घरून मिळणार आहे. त्या दिवशी कोंबड्या सकाळपासून कोंडून ठेवाव्यात, एवढीच विनंती. झाडावर चढलेल्या कोंबडीला लस देता येत नाही.

मंडळीचा एक सभासद,
तालुका खानापूर, जि. बेळगाव