संगणकाचा कट्टा : भाषा कुठली घेऊ, काका?

मंडळी, दिवाळीच्या फराळाला एका स्नेह्यांकडे गेलो होतो. चकली मोडतो न मोडतो तोच त्यांची कन्या समोर येऊन बसली. "काका, आमच्या प्रोजेक्टला कुठली लँग्वेज घेऊ?" कॉलेजचं शेवटचं वर्ष, चौघांचा गट, हातात दहा आठवडे. आपल्या रविवारच्या मराठी शाळेची नावनोंदणी आणि हजेरी वेबवर आणायची. गटातल्या एकाचा आग्रह नोड आणि रिअ‍ॅक्टचा, का तर नोकरीच्या जाहिरातींत तीच नावं!

मी विचारलं, "चौघांना येतं काय?"

"पायथन सगळ्यांना. जावास्क्रिप्ट फक्त त्याला."

निम्मं उत्तर तिथेच मिळालं. दहापैकी चार आठवडे नवी भाषा शिकण्यात गेले, तर शाळेची हजेरी वहीतच राहायची.

पायथनमध्ये फ्लास्क आहे, २०१० सालच्या एप्रिल फूलच्या थट्टेतून निघालेला. आटोपशीर, पण लागेल ते आपण जोडायचं. जँगो म्हणजे भरलं घर. अमेरिकेत कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावी एका वर्तमानपत्राच्या कचेरीत तो तयार झाला आणि २००५ मध्ये सर्वांना खुला झाला. लॉगिन, फॉर्मची तपासणी, सगळं आत. माहितीचे तक्ते कसे हवेत ते एकदा लिहून दिलं, की नोंदी भरायची पानं तो आपणहून उभी करतो. शाळेच्या ताईंना सुरुवातीला तेवढं पुरे. (गप्पांचं, क्षणाक्षणाला निरोप येण्याजाण्याचं काम असतं, तर मीही नोडच म्हटलं असतं. २००९ साली तो निघाला तोच एका वेळी पुष्कळ जोडण्या सांभाळायला.)

"मग जँगो. ठरलं!" ती उठायला लागली. म्हटलं, थांब, खरी मेख पुढेच आहे. 'मराठी' या शब्दात अक्षरं किती? आई स्वयंपाकघरातून म्हणाली, तीन. पायथनला विचारलं तर पाच! काना आणि वेलांटी तो वेगळी मोजतो. जावास्क्रिप्टही पाचच सांगते, तेव्हा भाषा बदलून सुटका नाही.

तिने मान डोलावली, पण लक्ष करंजीकडे होतं. तिसऱ्या आठवड्यात फोन आला. मुलांच्या बिल्ल्यांवर नावाचं पहिलं अक्षर छापायचं होतं आणि क्षितिजाच्या बिल्ल्यावर नुसता 'क' आला होता.