दहा मिनिटांचा पाहुणचार

मैत्रिणींनो, अवेळी चार पाहुणे दारात उभे राहिले तर आपली केवढी तारांबळ उडते! मग रोज तीन-चार हजार पाहुणे आले तर? अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात नॉर्थ प्लॅट नावाचं रेल्वेचं गाव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी तिथली वस्ती जेमतेम बारा हजारांची. पण तिथल्या बायकांनी हा पाहुणचार तब्बल सव्वाचार वर्षं केला.

सुरुवात झाली ती चुकामुकीतून. १९४१ च्या डिसेंबरात अमेरिका युद्धात उतरली. १७ तारखेला नेब्रास्काची ‘डी’ कंपनी गावावरून जाणार अशी बातमी उठली. आया-बहिणी खाऊ घेऊन स्टेशनावर जमल्या. गाडी आली, पण आतली ‘डी’ कंपनी निघाली शेजारच्या कॅन्सास राज्याची! आता काय करायचं? बायकांनी आणलेला खाऊ त्याच मुलांच्या हाती दिला. परक्याची असली तरी मुलंच ना ती!

भावाला भेटायला आलेली रे विल्सन ही दुकानात काम करणारी तरुणी हे पाहत होती. तिनं गावच्या वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, की प्रत्येक लष्करी गाडीचं आपण असंच स्वागत करू या. आणि खरोखरच नाताळच्या दिवशी कॅन्टीन सुरू झालं.

गाडी थांबायची दहा-पंधरा मिनिटं. तेवढ्यात गरम कॉफी, सँडविच, उकडलेली अंडी, केक, सगळं फुकट. ज्याचा वाढदिवस, त्याला अख्खा केक! मक्याच्या लाह्यांच्या लाडवांत मुली आपल्या नाव-पत्त्याची चिठ्ठी ठेवायच्या. त्यातून पुढं पत्रव्यवहार झाले आणि काही लग्नंही जमली, बरं का!

हे सगळं रेशनच्या दिवसांत. १९४२ मध्ये तिथं साखरेवर आणि कॉफीवर रेशन आलं. मग जमलं कसं? तर कामं वाटून घेतली म्हणून. आसपासच्या सुमारे सव्वाशे गावांनी आपापले दिवस ठरवून घेतले. ज्या गावाची पाळी, त्या गावच्या बायका अंडी, दूध, पाव, केक घेऊन पहाटेच निघायच्या. कित्येकींनी घरच्या साखरेला कात्री लावली. त्यांत ज्यांची स्वतःची मुलं आघाडीवर होती अशाही होत्या. आपल्या लेकाला कुठंतरी कुणीतरी असंच विचारत असेल, एवढीच आशा.

१ एप्रिल १९४६ ला कॅन्टीन बंद झालं. तोवर साठ लाखांच्या वर जवान तिथं खाऊन गेले होते. ते स्टेशन १९७३ मध्ये पाडलं गेलं.

आपल्या मंडळात किंवा वाड्यात मोठं काम निघालं, की सगळा भार दोघी-तिघींवरच पडतो आणि मग कुरबुरी सुरू होतात. तेव्हा ही युक्ती करून पाहा. ‘जमेल तशी मदत करा’ असं म्हणू नका. प्रत्येकीला तिचा दिवस आणि तिचा पदार्थ नेमून द्या. आपली पाळी आली की कुणी मागं राहत नाही.