आजोबांच्या नावाचं पत्र

मुलांनो, घरातलं माणूस जातं, दिवसकार्य होतं, पाहुणे आपापल्या गावी परततात. आणि एक दिवस पोस्टमनकाका दारात येऊन आजोबांचंच नाव घेऊन हाक मारतात! हातात विम्याचं पाकीट, नाहीतर मासिकाचा अंक. आजी तो घेते आणि गप्प बसून राहते.

आजोबा गेले हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे, मग ही पत्रं येतात तरी का? कारण पाठवणाऱ्यांना ते ठाऊक नसतं. १९६९ च्या कायद्याप्रमाणे मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत २१ दिवसांत करायची असते. तिथून दाखला मिळतो. पण बँक, विमा, मासिक यांच्या याद्या निरनिराळ्या. एकीतलं नाव कमी झालं, म्हणून दुसरीतलं आपोआप होईलच असं नाही.

पोस्टमनकाकांना सांगितलं तर? न उघडलेल्या पाकिटावर ‘मयत’ असा शेरा मारून ते पाठवणाऱ्याकडे परत जातं. पाकिटावर त्याचा पत्ता नसेल, तर पोस्टाच्या एका खास कचेरीत नेमलेली माणसं ते उघडून आत पत्ता शोधतात. या कचेरीला पूर्वी ‘डेड लेटर ऑफिस’ म्हणत. पण परत गेलं ते एक पत्र. पुढची थांबवायची, तर पाठवणाऱ्यालाच कळवायला हवं.

मात्र घाई नको हं! बँक, विमा, शेअर, पेन्शन यांची पाकिटं आधी आईबाबांना वाचू द्या. त्यात आजीच्या हक्काचे पैसे असू शकतात.

तुम्ही काय कराल? एका वहीत चार रकाने आखा : पत्र कोणाकडून आलं, त्यावरचा क्रमांक, कधी कळवलं, उत्तर काय आलं. मग आईबाबांच्या मदतीनं असं पत्र लिहा :

‘महोदय, श्री. ——, सभासद क्रमांक ——, यांचे दि. —— रोजी निधन झाले. मृत्यूच्या दाखल्याची प्रत सोबत जोडली आहे. कृपया त्यांचे नाव आपल्या यादीतून कमी करावे व तसे कळवावे.’

खाली घरातल्या मोठ्या माणसाची सही, नातं आणि पत्ता. मूळ दाखला कधीही पाठवायचा नाही, फक्त प्रत. मतदारयादीतलं नाव कमी करण्यासाठी वेगळा अर्ज असतो, नमुना क्रमांक ७.

एक गोष्ट मात्र आजीला विचारल्याशिवाय करू नका. मासिक बंद करायचं, की तिच्या नावावर करून घ्यायचं, हे तिनं ठरवावं. दुपारी तोच अंक चाळणं तिला आवडत असेल.

आणि आजोबांच्या एखाद्या जुन्या मित्राचं पत्र आलं तर? त्यावर ‘मयत’ शेरा मारून ते परत पाठवू नका. आजीजवळ बसा, तिला पत्र वाचून दाखवा आणि ती सांगेल ते उत्तर तुमच्या अक्षरात लिहा.